लक्ष कुठे आहे?

आधी माझ्या वर्गातली एक गंमत सांगतो. जून महिना होता. नुकतीच शाळा सुरू झाली होती. आठवीच्या वर्गात मी मराठीचा तास घेत असताना एक नवा मुलगा दारात येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "ये, खाली बस." त्याने पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली आणि मोठ्या अदबीने उत्तर दिले, "सर, एकही खाली नाही."

सगळा वर्ग खो खो हसला. मलाही हसू आवरले नाही. पण त्या मुलाचे काय चुकले होते? 'खाली' हा शब्द त्याच्या रोजच्या ओळखीचा. घरी तो 'खाली ग्लास', 'खाली डब्बा' असे दहा वेळा म्हणतो. उर्दूतला 'खाली' म्हणजे रिकामा. मराठीत मात्र 'खाली' म्हणजे वरच्या उलट, नीचे. त्या बिचाऱ्याने रिकामी जागा शोधली आणि ती नव्हती, एवढेच.

असे शब्द एक-दोन नाहीत. घरी आई रागावून "ये क्या हरकत है?" असे म्हणते, तेव्हा आपण नक्कीच काहीतरी खोडी केलेली असते. पण मुख्याध्यापक म्हणतात, "सहलीला जायला माझी हरकत नाही." आता उर्दूच्या कानाने हे वाक्य ऐका पाहू! जणू मुख्याध्यापक जागचे हलतच नाहीत. मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. त्यामुळे हे वाक्य ऐकून टाळ्या वाजवायच्या असतात.

'हाल' या शब्दाचे तर खरोखरच हाल झाले आहेत. उर्दूत आपण एकमेकांना हाल विचारतो आणि "सब ठीक" असे उत्तर येते. मराठीत हाल नेहमी वाईटच असतात. "पावसात अडकलो आणि फार हाल झाले," असे लोक सांगतात. एका मुलीने निबंधात लिहिले होते, "माझ्या मामांचे मुंबईत हाल चांगले आहेत." वाचून मला मामांची काळजी करावी की आनंद मानावा, हेच कळेना.

आणि तालीम? एका विद्यार्थ्याने घरची माहिती लिहिताना लिहिले, "वडिलांची तालीम दहावीपर्यंत झाली आहे." मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाल मातीचा आखाडा येईल आणि त्या मुलाचे वडील दहावीपर्यंत दंड-बैठका काढत होते, असे त्याला वाटेल. कारण मराठीत तालीम म्हणजे पैलवानांची व्यायामशाळा, नाहीतर नाटकाचा सराव. 'बाजू' हा उर्दूत हात असतो, मराठीत ती दिशा असते. 'दिमाग' उर्दूत डोक्यात असतो. मराठीत 'दिमाख' झाल्यावर तो लग्नाच्या वरातीत दिसतो आणि तिथे डोक्याची फारशी गरज नसते!

हे शब्द मराठीत आले कुठून? १३४७ मध्ये दख्खनमध्ये बहमनी राज्य सुरू झाले. पुढे अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही आली. दरबारात आणि कचेऱ्यांत फारसी भाषा चालत असे. कागद, अर्ज, वकील, तारीख, जमीन, किल्ला असे कितीतरी शब्द कचेरीतून आणि लष्करातून लोकांच्या तोंडी आले आणि मराठीच्या अंगणात रमले. माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे माधव त्रिंबक पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी अशा शब्दांचा 'फार्शी-मराठी कोश' तयार केला. तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मराठी कवीने फारसी शब्द वेचून त्यांचा कोश करावा, ही गोष्ट मला फार आवडते.

देवघेव मात्र एकाच बाजूने झाली नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी दखनी बोलतात, त्यांनी आपल्या आजीचे बोलणे ऐकावे. ती "नक्को" म्हणते. हा मराठीचा 'नको' आहे. ती "मैं वहींच थी" म्हणते. त्यातला 'च' सुद्धा मराठीचाच. मराठीचा तास सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तुम्ही मराठी बोलत आहात!

मग अशा ओळखीच्या शब्दांनीच आपण का फसतो? माझा अनुभव असा, की अवघड शब्द विद्यार्थ्यांना फारसा फसवत नाही. 'उत्कंठा' हा शब्द दिसला की मूल थांबते, पुन्हा वाचते, अर्थ विचारते. पण 'हरकत' दिसला की, "हा तर आपलाच," असे म्हणून डोळे पुढे सरकतात. म्हणजे चूक भाषेच्या ज्ञानात कमी होते, लक्षात जास्त होते.

या 'लक्ष' शब्दाजवळ थोडे थांबू या. उर्दूत ज्याला आपण ध्यान किंवा तवज्जोह म्हणतो, ते मराठीत लक्ष. आपण लक्ष देतो, कधी ते लागत नाही, कधी ते भलतीकडे जाते, तर कधी कोणी ते वेधून घेते. 'लक्ष ठेव' आणि 'लक्षात ठेव' यांत एका 'त'चा फरक आहे, पण अर्थ निराळा आहे. आई म्हणाली, "दुधावर लक्ष ठेव," तर दुधाकडे पाहत उभे राहायचे. ती म्हणाली, "दूध आणायचे लक्षात ठेव," तर ते याद ठेवायचे. या दोन वाक्यांची गल्लत झाली तर दूध उतू तरी जाते, नाहीतर दुकानातच राहते.

गंमत अशी, की लक्ष नसण्यासाठी मराठीने कितीतरी शब्द आपल्याकडूनच घेतले आहेत. बेसावध माणसाला मराठीतही गाफील म्हणतात. 'गफलत' मराठीत आली आणि तिचा अर्थ थोडा पुढे सरकला. उर्दूत गफलत म्हणजे बेखबर असणे, मराठीत गफलत म्हणजे त्या बेखबरीतून झालेला घोटाळा. "हिशेबात गफलत झाली," असे दुकानदार म्हणतो. आधी लक्ष उडते, मग हिशेब चुकतो. मराठीने सरळ दुसऱ्या पायरीचे नाव घेतले.

'बेसावध' आणि 'बेभान' हे शब्द पाहा. यांतला 'बे' फारसीचा, 'बेघर', 'बेकार' यांतला. 'सावध' आणि 'भान' मात्र संस्कृतातून आलेले. दोन्हीकडचे तुकडे जोडून मराठी माणसाने हे शब्द बनवले आणि त्यांचा सांधा कुठे दिसतही नाही. आणि 'हुशार' हा तर आपला 'होशियार'च. ज्याला होश आहे, जो जागा आहे, तो होशियार. मराठीत आज हुशार म्हणजे ज्याला जास्त गुण मिळतात तो. मला विचाराल तर जुना अर्थ अधिक चांगला होता.

आता माझ्या स्वतःच्या गफलतीची गोष्ट. आमच्या शाळेत पालकांना सूचना उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत मोबाइलवर पाठवतात. एकदा मी एका हाताने चहा पीत, शेजारच्या शिक्षकांशी गप्पा मारत मराठी सूचना लिहिली : "पालकसभा काल दुपारी चार वाजता आहे. अवश्य यावे." डोक्यात उर्दूतला 'कल' होता. तो बिचारा गेलेल्या दिवसालाही कल आणि येणाऱ्या दिवसालाही कलच म्हणतो. मराठीत काल म्हणजे फक्त गेलेला दिवस. येणाऱ्या दिवसासाठी 'उद्या' आहे. पाच मिनिटांत एका आईचे उत्तर आले, "सर, होऊन गेलेल्या सभेला कसे यायचे?" मी आठ वर्षे मुलांना हाच फरक शिकवत होतो! (जाता जाता सांगतो : 'परवा' मात्र मराठीतही दोन्हीकडे चालतो, आपल्या 'परसों'सारखा. म्हणून मराठी माणसाने आपल्या 'कल'ला फार हसू नये.)

आपल्याला वाटते, की आपण एकाच वेळी दोन कामे करतो. चालणे आणि बोलणे एकत्र जमते, कारण चालण्याची सवय झालेली असते. पण लिहिणे आणि गप्पा, अभ्यास आणि मोबाइल यांचे तसे नाही. अशा वेळी मेंदू एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारत राहतो. प्रत्येक उडीला थोडा वेळ लागतो आणि परत आल्यावर "आपण कुठे होतो?" हे शोधावे लागते. याच वेळी चुका शिरतात. हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९७१ मध्येच म्हटले होते, की माहिती भरपूर झाली म्हणजे लक्षाची टंचाई होते. पुढे १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी हे म्हटले तेव्हा आपल्या खिशात मोबाइल नव्हता. आज खिशातला मोबाइल दर थोड्या वेळाने टुणकन वाजतो आणि "इकडे बघ" म्हणतो. पुष्कळ कंपन्यांची कमाई याच 'इकडे बघ'वर चालते. जितका वेळ तुम्ही बघाल, तितक्या जाहिराती तुम्हाला दिसतील.

पण सगळा दोष मोबाइलवर टाकून मला सुटता येणार नाही. माझी सर्वांत मोठी गफलत मोबाइल हातात येण्याच्या आधीची आहे.

मी तेव्हा आठवीत होतो. माझी नानी सोलापूरपासून दीड तासावरच्या गावी राहत असे आणि विड्या वळून घर चालवत असे. तिला मराठी फारशी येत नव्हती. तिचे पाय सुजू लागले, सारखी तहान लागू लागली, म्हणून तिला शहरातल्या दवाखान्यात न्यायचे ठरले. मराठी येणारा म्हणून मला बरोबर पाठवले. मला फार मोठे झाल्यासारखे वाटत होते.

दवाखान्यात एका कोपऱ्यात टीव्ही होता आणि त्यावर क्रिकेटचा सामना चालू होता. डॉक्टरांनी तपासले. मग सिस्टर चिठ्ठी देताना म्हणाल्या, "उद्या सकाळी रक्त तपासायचे आहे. आजींना उपाशीपोटी घेऊन ये. काही खायचे नाही, चहासुद्धा नको." मी टीव्हीकडे पाहत "हो, हो" म्हणालो. नानीने विचारले, "क्या बोली?" मी सांगितले, "कल सुबह आना है."

यात खोटे काहीच नव्हते. फक्त अर्धेच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. पकडायची म्हणून नानीने अंधारातच उठून भाकरी केली. मला वाढली, स्वतः खाल्ली, वर दोन कप चहा घेतला. दवाखान्यात सिस्टरांनी विचारले, "आजी, काही खाल्ले का?" हा प्रश्न नानीला समजला. तिने हसून सांगितले, "हो, भाकरी." तपासणी झाली नाही. उपाशीपोटी रक्तातली साखर पाहायची, तर निदान आठ तास पोटात काही गेलेले नसावे लागते. आम्ही परत आलो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तीन दिवस विड्या वळल्या गेल्या नाहीत, म्हणजे तीन दिवसांची मजुरी नाही. एस.टी.चे भाडे वेगळेच.

'उपाशीपोटी' हा शब्द मला येत होता. परीक्षेत विचारला असता तर पूर्ण गुण मिळाले असते.

परतीच्या एस.टी.त नानी रागावली नाही. तिने फक्त विचारले, "परसों वो बाई क्या क्या बोली थी? पूरा बोल बेटा." मला काही सांगता येईना. त्या दिवशी कोणता खेळाडू किती धावांवर बाद झाला, हे मात्र मला पाठ होते. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दवाखान्यातला तो एक शब्द स्वतःच दोन-तीन वेळा पुटपुटून पाहिला.

त्यानंतर नानी पुष्कळ वर्षे जगली. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. मी भेटायला गेलो आणि कोणाचे काही बोलणे तिला सांगू लागलो, की ती हातातली विडी बाजूला ठेवायची, माझ्याकडे तोंड करून बसायची आणि म्हणायची, "पूरा बोल." पुढे डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून सांगितले, पण त्याआधीच्या एका रमजानमध्ये मी दुपारी तिच्या घरी गेलो होतो. शेजारच्या काकूंनी ताटात पोहे आणून दिले. त्यांना रोज्याची आठवण राहिली नव्हती. नानीने ताट घेऊन ते अदबीने माझ्या धाकट्या भावापुढे ठेवले आणि काकूंकडे पाहून स्वच्छ मराठीत म्हणाली, "मी उपाशी." मग माझ्याकडे वळून डोळे मिचकावले.