खाडीचे चक्रवाढ व्याज

मुलुंडच्या शाखेत होतो तेव्हा एक कोळीण दर आठवड्याला भरणा करायला यायची. नोटा ओलसर, आमचा कॅशियर त्या टोकाला धरून मोजायचा. निवृत्तीनंतर परवा ती बाजारात भेटली. पाटीवर आता तिची सून बसते, आणि पाटीत असते धक्क्यावरून आणलेली सुरमई. मी विचारले, "खाडीचं काही नाही?"

"खाडीची मासली घरला, साहेब. गिऱ्हाईक घेत नाय, वास येतो म्हनतंय. आमी खातो ना दोन्ही टायमाला."

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पूर्वेला मिठागरांपलीकडे ठाण्याची खाडी आहे, आणि तिच्या पलीकडच्या काठावर १९६० च्या दशकापासून उभा राहिलेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा. त्या काळी कॉस्टिक सोडा बनवायला पारा वापरीत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी या खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला तो १९८१ साली. पुढे कारखान्यांचे तंत्र बदलले, परंतु पारा नासत नाही. तो गाळात बसतो. गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि मग सुरू होते आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचे चक्रवाढ व्याज. शेवाळातून कोळंबीत, कोळंबीतून माशात, लहान माशातून मोठ्यात. दर टप्प्याला मागचे व्याज मुद्दलात मिळवलेले. शेवटचा खातेदार माणूस. त्यातही गर्भातले मूल, कारण हे विष मेंदूची घडण बिघडवते. जपानमधल्या मिनामाताच्या कोळ्यांनी १९५६ पासून जगाला ते दाखवले.

याहून विलक्षण कथा थेट उत्तर ध्रुवाकडची आहे. शाळेत आपण ज्यांना एस्किमो म्हणून शिकलो त्यांचे स्वतःचे नाव इन्युइट. १९८० च्या दशकात क्युबेकच्या संशोधकांना आईच्या दुधातली रसायने मोजायची होती. तुलनेसाठी निर्मळ दूध हवे, म्हणून त्यांनी कारखान्यांपासून शेकडो कोस दूर असलेल्या नुनाविकमधल्या इन्युइट मातांचे दूध घेतले. त्यात ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबी दक्षिणेतल्या मातांच्या सुमारे पाचपट निघाले! उष्ण मुलखात उडालेली अशी रसायने वाऱ्याबरोबर जाऊन थंडीत खाली बसतात, सील आणि देवमाशाच्या चरबीत साठतात, आणि ती चरबी हेच तिथले अन्न. २००१ च्या स्टॉकहोम करारामागे या मातांचे दूध होते.

तिथे निदान माणसे तपासली गेली. गरोदर बायकांना कुठला मासा खावा, कशाचे मांस टाळावे, हे सांगितले गेले. मासे सोडा असे कोणी म्हटले नाही. आमच्या खाडीवरच्या लेखांत मला पाणी भेटले, गाळ भेटला, मासे भेटले. दोन्ही वेळा ते खाणारी बाई काही भेटली नाही. वास्तविक पारा मोजायला केसांची एक बट पुरते.

जुन्या खोडीने मी कागदावर आकडेमोड केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये घातलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. पन्नास किलोच्या बाईला ८०. आपल्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मर्यादा होती एक ग्रॅममागे पाव मायक्रोग्रॅम. म्हणजे कायद्याने चोख ठरलेला मासासुद्धा तिने आठवड्यात ३२० ग्रॅमच खावा. कोळ्याच्या घरी हा दोन दिवसांचा हिशेब. खाडीतल्या प्रत्येक माशात एवढा पारा असतो असे मुळीच नाही. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रविवारी मासे खाणारा माझ्यासारखा गृहस्थ असावा, एवढे खरे.

२०१५ साली ही खाडी रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळ. पक्षी मोजले जातात, आणि मला त्याचा आनंदच आहे.

पुढच्या खेपेला मी तिला भीतभीतच सांगितले, की दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशात हे विष जास्त, बोईटासारख्या शेवाळ खाणाऱ्यात कमी. पोटुशा सुनेने तेवढे लक्षात ठेवावे. ती खो खो हसली.

"मंग बरंच की! मोठी तुमाला, बारकी आमाला."

सुनेने तोवर माझ्या सुरमईचे तुकडे करून पिशवीत भरले होते.