साधनेचा शीण
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

वर्षानुवर्षं पहाटे उठून ज्ञानेश्वरी वाचणारी एखादी व्यक्ती एके दिवशी पोथी उघडते आणि अक्षरं नुसती डोळ्यांसमोरून जात राहतात. आत काहीच पोहोचत नाही. माळ हातात फिरत असते, पण मन कोरडं असतं. भजनाला निघायची वेळ झाली की अंग जड होतं, काहीतरी निमित्त सापडलं तर बरं, असं वाटू लागतं. या सगळ्याहून जास्त छळतो तो एक विचार : ‘माझी श्रद्धाच कमी पडली की काय?’

श्रोतेहो, आज बोलायचं आहे ते या अवस्थेविषयी. तिला आपण साधनेचा शीण म्हणू या. नोकरीत दमलेला माणूस निदान ‘दमलो’ असं म्हणू शकतो. रजा मागू शकतो. देवाधर्माच्या वाटेवर मात्र ‘मी थकलो’ म्हणायची सोय नसते. तसं म्हणणं म्हणजे पाप, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून हा शीण लपवला जातो आणि लपवल्यामुळे वाढतो.

पहिली गोष्ट ही, की शीण म्हणजे अश्रद्धा नव्हे. ज्याचा विश्वास खरोखरच उडाला आहे, त्याला पोथी बंद राहिल्याची सहसा हळहळ वाटत नाही. ज्याला हळहळ वाटते, त्याची ओढ शिल्लक आहे. संपली आहे ती शक्ती. ओढ आणि शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ओळखलं तरी मनावरचं निम्मं ओझं उतरतं.

अतिश्रमानं माणूस आतून रिता होतो, याचं शास्त्रीय वर्णन न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये केलं. एका मोफत दवाखान्यात तळमळीनं काम करणारे लोक त्यांच्या पाहण्यात होते. जे सर्वांत जास्त जीव ओतून काम करतात, तेच आधी विझतात, असं त्यांच्या ध्यानात आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये या थकव्याची तीन लक्षणं नोंदली : शक्ती संपणं, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही, असं वाटणं. संघटनेनं ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरतीच ठेवली आहे. तरीही वर सांगितलेल्या साधकाशी ती ताडून पाहिली, तर साम्य दिसल्याशिवाय राहत नाही.

हळव्या माणसांना हा शीण लवकर गाठतो. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ एलेन ॲरन यांनी 1996 साली अशा स्वभावावर पुस्तक लिहिलं. आवाज, गर्दी, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची छटा हे सारं काही जणांच्या मनावर अधिक खोल उमटतं. हा आजार नव्हे, स्वभाव आहे. अशी माणसं प्रार्थनेत लवकर रंगतात, कीर्तनात त्यांचे डोळे पाणावतात. पण शेजारणीचं दुःख, मंडळातली भांडणं, गुरुबंधूंचे टोमणे हेही ती तितक्याच खोलवर घेतात. कुणी रडत आलं, की तिची समजूत काढायला पुढे हीच. मग घरी येऊन जप पूर्ण करायचा, उपास करायचा, शिबिराला नाव द्यायचं. कुठेतरी तेल संपणारच.

मग खुणा काय? पूर्वी आपसूक होणारी गोष्ट आता नेटानं रेटावी लागते. नेम चुकला, तर शांतपणे पुढे जाता येत नाही, स्वतःला बोल लावला जातो. दुसऱ्यांची भक्ती खोटी वाटू लागते. प्रार्थनेनंतर हलकं वाटण्याऐवजी चिडचिड होते आणि ती घरच्यांवर निघते. यातल्या दोन-तीन खुणा काही आठवडे टिकल्या, तर थांबून विचार करावा.

अशा वेळी बहुतेकजण नेमका उलटा उपाय करतात. एक माळ होत नाही, म्हणून दोन करतात. दमलेल्या बैलाला चाबूक मारल्यासारखंच हे.

आपल्या परंपरेनं काय केलं आहे, ते पाहू. पुण्यापासून जवळच असलेल्या देहूचं उदाहरण घ्या. 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळानं तुकोबांचं घर उद्ध्वस्त केलं. थोरली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, लोकांत मान राहिला नाही. त्या काळाची हकिगत तुकोबांनी स्वतःच अभंगांतून सांगितली आहे. आपल्याला त्यांचा भंडाऱ्याच्या डोंगरावरचा एकांत आठवतो. पण त्या हकिगतीत आणखी काही गोष्टी आहेत आणि त्या फार साध्या आहेत. गावातलं विठ्ठलाचं मोडकळीला आलेलं देऊळ त्यांनी दुरुस्त करायला घेतलं, म्हणजे हाताला काम दिलं. संतांची वचनं पाठ केली. आणि कीर्तनात पुढे गाणारे जे होते, त्यांच्या मागे उभं राहून धृपद धरलं. हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. खचलेल्या मनानं एकट्यानं सूर लावायचा नसतो. दुसरा गात असताना मागून साथ करायची असते.

पुढच्या काळातही तुकोबांची वाट सरळ नव्हती. विठ्ठलावर रागावणारे, त्याच्याकडे तक्रार करणारे, ‘भेट का देत नाहीस’ म्हणून भांडणारे कितीतरी अभंग गाथेत आहेत. वारकऱ्यांनी ते बाजूला काढले नाहीत. ते आजही टाळ-मृदंगावर गायले जातात. देवाशी कोरडेपणानं, रागानं बोलणं हेही बोलणंच आहे, अशी ही मान्यता आहे.

तीच समज वारीच्या रचनेत दिसते. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. हे अंतर वारकरी एका दमात कापत नाहीत. दोन्ही पालख्या पुण्यात आल्या, की दोन रात्री मुक्काम करतात. ज्ञानोबांची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. पुढे ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढून जाते आणि सासवडला पुन्हा दोन रात्री थांबते. पुण्यातल्या त्या मधल्या दिवशी वारकऱ्यांचे कपडे धुतले जातात, पायांना तेल लावलं जातं, फोडांवर मलमपट्टी होते. या मुक्कामाला कुणी वारी मोडली, असं म्हणत नाही. मुक्काम हा वारीचाच भाग आहे.

अखंड हरिनाम सप्ताहात तर याहून बोलकी पद्धत आहे. सप्ताह चालू असेतो वीणा खाली ठेवायची नसते. पण म्हणून एकच माणूस सात दिवस ती धरून उभा राहत नाही. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला, की दुसरा पुढे होतो, वीणा गळ्यात घेतो आणि पहिला जाऊन झोपतो. नाम अखंड असतं, माणूस अखंड नसतो. हळव्या माणसानं मनावर कोरून ठेवावं, ते एवढंच.

मग करायचं काय? नेम सोडू नये, पण लहान करावा. तासाभराऐवजी पाच मिनिटं दिवा लावून बसावं, काही मागू नये, काही मोजू नये. थोडे दिवस पुढाकार सोडावा. मंडळाचा हिशेब, प्रसादाची व्यवस्था, रडणाऱ्यांची समजूत, हा पहारा दुसऱ्या कुणाला द्यावा आणि ‘मला महिनाभर जमणार नाही’ असं स्पष्ट सांगावं. हाताला साधं काम द्यावं : कुंड्यांना पाणी, भाजी निवडणं, तळजाईवर किंवा पर्वतीवर सकाळची फेरी. झोप पुरी घ्यावी. आणि एका तरी विश्वासाच्या माणसाला मोकळेपणानं सांगावं, ‘मला सध्या काही वाटत नाही.’ ऐकणारा उपदेश न करणारा हवा.

जिथं धाक घालून, पैसे उकळून किंवा प्रश्न विचारायची बंदी करून साधना करवून घेतली जाते, तिथं मात्र शीण साधनेचा नसतो, त्या जागेचा असतो. तिथून बाहेर पडण्यात पाप नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पतंजलींनी योगसूत्रांत साधनेचे नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यांत संशय आहे, आळस आहे, मिळालेली अवस्था न टिकणंही आहे. पण सर्वांत पहिलं नाव आहे व्याधीचं. म्हणून आधी शरीराकडे पाहावं. रक्त कमी असणं, थायरॉईडचा बिघाड, शाकाहारी लोकांत पुष्कळदा आढळणारी बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही माणूस असाच निस्तेज होतो. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

आणि कोरडेपणा फक्त पोथीपुरता नसेल, नातवंडाचं हसणंही आनंद देत नसेल, भूक आणि झोप उडाली असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर औषध आहे, उपचार आहेत. जगणं नकोसं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारनं 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो रात्रंदिवस चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथं मराठीतूनही बोलता येतं. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नव्हे. ताप आल्यावर आपण गोळी घेतोच ना?

शीण उतरायला वेळ लागतो. गोडी एकदम परत येत नाही. कधी एखादी ओळ पुन्हा मनात रेंगाळते, कधी आरतीच्या वेळी आपसूक हात जुळतात. त्याची वाट पाहावी, घाई करू नये. तोवर वीणा दुसऱ्याच्या गळ्यात आहे, नाम चालू आहे. आपला पहारा पुन्हा येईल, तेव्हा उठून उभं राहायचं आहे. त्यासाठीच आता झोपायचं आहे.