सिकलसेल : परीक्षेतला प्रश्न, घरातला प्रश्न

नर्सिंग, लॅब टेक्निशियन, एमबीबीएसला शिकणारी आपली मुले-मुली सिकलसेलवरचे प्रश्न परीक्षेसाठी पाठ करतात. विदर्भात हा आजार आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात जास्त आढळतो. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे, पुस्तक मिटा आणि आईला समजेल अशा मराठीत उत्तर द्या. तसे देता आले, तरच उत्तर आले समजा.

प्रश्न १ : आई-वडील दोघेही वाहक (एएस) आहेत. मूल सिकलसेलग्रस्त (एसएस) होण्याची शक्यता किती?
२५ टक्के. वाहक होण्याची ५० टक्के, दोन्ही नसण्याची २५ टक्के. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात तेवढीच असते. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब चुकीचा आहे.

प्रश्न २ : एकच जोडीदार वाहक आणि दुसऱ्याचा रिपोर्ट सामान्य असेल तर?
मूल सिकलसेलग्रस्त होत नाही, वाहक होऊ शकते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे.

प्रश्न ३ : सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली. निदान पूर्ण झाले का?
नाही. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढेच तिच्यातून कळते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी सांगते.

प्रश्न ४ : सिकलसेलग्रस्त मुलाला ताप आला. घरी थांबावे का?
नाही. या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो. लगेच दवाखान्यात न्या. छातीत दुखले, दम लागला तरी तसेच.

आपण लग्नासाठी पत्रिका पाहत नाही. त्याऐवजी रक्ताचा रिपोर्ट पाहू या, मुलीचा आणि मुलाचाही. पण वाहक आहे म्हणून मुलगी नाकारणे ही नव्या नावाची शिवाशिवच आहे. दोघेही वाहक निघाले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते.

१ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. वस्तीतल्या विद्यार्थ्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात हे चार प्रश्न विचारावेत आणि आरोग्य केंद्रात तपासणीचा दिवस ठरवून सगळ्यांना घेऊन जावे. समाजाने शिकवलेल्या मुलांनी समाजाला शिकवायचे, ते असे. जय भीम!