पेरूची फोड आणि विडीचा झुरका

हिवाळा लागला की प्रवराकाठच्या बेलापुरात राहाता भागातले पेरू विकायला येतात. विक्रेता फळाला चार चिरा देतो, बुडाशी जोडलेलं ठेवतो आणि आत तिखट-मीठ भरतो. साल काढत नाही, हे उत्तमच. 'क' जीवनसत्त्व सालीत आणि सालीलगतच्या गरात अधिक असतं. शंभर ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर भरतं, लिंबात जेमतेम ५०. सगळीकडे लावला जाणारा सरदार वाण, म्हणजे लखनौ-४९, मुळात १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला.

एखादं गिऱ्हाईक हातातली विडी विझवून फोड उचलतं. प्रवरेच्या वरच्या अंगाला संगमनेरात विड्या वळण्यावर कित्येक घरं चालली आहेत, तेव्हा विडी इथे परकी नाही. ती विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते.

या धुरात असतं काय? सिगारेटचंच उदाहरण घ्या: तिच्या एका झुरक्यात एकावर पंधरा शून्यं इतके मुक्त मूलक असू शकतात. इलेक्ट्रॉन कमी पडलेले हे कण जे सापडेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. फुप्फुसाच्या आतल्या पातळ द्रवथरात 'क' जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन आणि युरिक आम्ल स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतात. पेशींच्या पडद्यात 'ई' जीवनसत्त्व हेच करतं आणि निकामी होतं. 'क' त्याला पुन्हा उभं करतं, पण त्यात स्वतः खर्ची पडतं. म्हणून ओढणाऱ्यांच्या रक्तात 'क' कमी आढळतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००० साली त्यांच्यासाठी दिवसाला ३५ मिलिग्रॅम जास्तीचं सुचवलं. एवढं तर पेरूच्या एका फोडीत मिळतं.

मग गोळ्याच का घेऊ नयेत? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ते करून पाहिलं. गोळ्या 'क'च्या नव्हत्या, पण त्यांत बीटा-कॅरोटिन हा मूलकांना शांत करणारा तसाच घटक होता. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली. फळातलं मिश्रण आणि गोळीतला एकच मोठा डोस यांना एका मापाने मोजता येत नाही.

पेरू जरूर खावा. मात्र धुरामुळे फुटलेले वायुकोश त्याने सांधत नाहीत आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइडही हटत नाही. तो उतरतो विडी थांबल्यावर, एक-दोन दिवसांत. सोडताना सोबत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक आहे, फोन मोफत लागतो.