फवारणाऱ्याला परवाना का नाही?

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती. डोक्याच्या वर धरलेल्या नळीतून उडणारा फवारा तोंडावर आणि छातीवर येत होता. पुढे राज्य सरकारने विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. मात्र पाठीवर पंप घेणाऱ्याने प्रशिक्षण घेतले होते काय, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने उद्भवतच नव्हता.

केरळमध्ये १९५८ साली पॅराथिऑनमिश्रित अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर कीटकनाशक अधिनियम, १९६८ आला. त्याने उत्पादकाला नोंदणीचे आणि विक्रेत्याला परवान्याचे बंधन घातले. गोदामात धुरी देणाऱ्या व्यावसायिकालाही पदवी व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. परंतु कलम ३८ नुसार घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कीटकनाशक वापरणाऱ्यास हा कायदा लागू नाही. लहान शेतकऱ्याला कचेरीचे खेटे घालावे लागू नयेत, हा त्यामागील हेतू असेल तर तो समजण्याजोगा आहे. पण सर्वाधिक विष जेथे वापरले जाते, नेमकी तीच जागा त्यामुळे मोकळी राहिली. अमेरिकेत अतिधोकादायक गटातील कीटकनाशके प्रमाणित व्यक्तीनेच किंवा तिच्या देखरेखीखाली वापरावीत, असा दंडक आहे.

१९७१ च्या नियमांत हातमोजे, मुखवटा, संरक्षक कपडे, वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. उत्पादक, वितरक व व्यावसायिकांनी कामगारांना प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. ऑक्टोबरच्या उन्हात रबरी हातमोजे घालून दिवसभर पंप वाहणे किती शक्य आहे, हा भाग वेगळाच.

राहता राहिले लेबल. त्यावरील चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल असेल तर विष अत्यंत जहाल. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम असतो. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. सोबतच्या पत्रकात मात्रा, विषबाधेची लक्षणे व उतारा दिलेला असतो. गावोगाव या विषाला ‘औषध’च म्हटले जाते, आणि रोजाने फवारणी करणाऱ्या मजुराच्या हाती पुष्कळदा बाटली येतच नाही. मालकाने ते औषध आधीच ड्रममधील पाण्यात कालवून ठेवलेले असते.