गंगावेशीतली धार, शिशातली गाय

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून फेसाळता पेला थेट हातात देतात. धारोष्ण दूध तिथंच, तेव्हाच प्यायचं, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. संपादकांनी कर्करोगाच्या किरणोत्सारी औषधांवर लिहायला सांगितलं आणि मला कट्टाच आठवला. कारण न्यूक्लिअर मेडिसिनवाले त्यांच्या जनरेटरला चक्क ‘गाय’ म्हणतात.

या औषधांचा आपल्याकडचा इतिहास थोडक्यात असा: १९५६ मध्ये ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर. १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था ही औषधं वाशीतून रुग्णालयांना पुरवते.

मी गुंतलो तो गाईत. शिशाच्या जाड कवचात एक बारीक नळी. तिच्यातल्या अॅल्युमिनाला मॉलिब्डेनम-९९ चिकटलेलं असतं आणि त्याचं हळूहळू टेक्निशियम होत राहतं. वरून मिठाचं पाणी सोडलं की मॉलिब्डेनम जागचं हलत नाही, टेक्निशियम तेवढं खाली उतरतं. सकाळी धार काढली की दुसऱ्या सकाळपर्यंत कास पुन्हा भरते. पण मॉलिब्डेनम दर ६६ तासांनी निम्मं होतं, त्यामुळे आठवड्याभरात गाय आटत जाते. टेक्निशियम तर सहा तासांतच निम्मं. हाडात पसरलेला कर्करोग दाखवायला तेवढा वेळ पुरतो.

उपचारासाठी ‘ध्रुव’ अणुभट्टीतलं ल्युटेशियम-१७७ असतं. प्रोस्टेटच्या कर्कपेशींवरचं पीएसएमए प्रथिन ओळखणाऱ्या रेणूला ते बांधतात. रेणू घर शोधतो. ल्युटेशियमचा मारा दोनेक मिलिमीटरच्या आत संपतो.

आता अडचणी. पेट स्कॅनचं किरणोत्सारी औषध एफडीजी ११० मिनिटांत निम्मं होतं. मुंबईहून निघालेली गाडी साडेसात तासांनी कोल्हापुरात पोचली, तर सोळावा हिस्साही धड उरत नाही. खंबाटकी घाटात अडकली तर बोलायलाच नको. ल्युटेशियम साडेसहा दिवसांनी निम्मं होतं, त्याला प्रवास झेपतो. मग अडतं परवान्यांपाशी, शिशाच्या भिंतींपाशी, रुग्णाची किरणोत्सारी लघवी निवेपर्यंत साठवायच्या टाक्यांपाशी आणि हे काम जाणणाऱ्या माणसांपाशी. ‘ध्रुव’ १९८५ ची. देखभालीसाठी थांबली की तिथला मालही थांबतो.

शिवाय डोस ठरल्या दिवशी, ठरल्या माणसासाठी येतो. चंदगडच्या पेशंटची एसटी चुकली, आदल्या रात्री ताप भरला, तरी कुपीतलं औषध घटतच राहतं. कट्ट्यावर उरलेल्या दुधाला निदान विरजण तरी लावता येतं.