एमिल सेनार : कार्ले-नाशिकच्या शिलालेखांचा फ्रेंच वाचक

नवी मुंबईतील आगरी-कोळी गावांतून दरवर्षी चैत्रात असंख्य भाविक पनवेलमार्गे घाट चढून एकवीरेच्या दर्शनाला जातात. हे देऊळ कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अगदी दारात उभे आहे. दर्शनाची रांग ज्या पाषाणाला लागून सरकते, त्याच्या भिंतींवर व स्तंभांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतील दानलेख कोरलेले आहेत. ते दान कोणी दिले, दाता कोणत्या गावचा, त्याचा व्यवसाय कोणता, हे आज आपण निःशंकपणे सांगू शकतो. त्याचे बरेचसे श्रेय एमिल सेनार (१८४७-१९२८) या फ्रेंच पंडिताकडे जाते. मराठी ग्रंथांत त्याचे नाव ‘सेनार्ट’ असेही छापले जाते.

फ्रान्स म्हटले की आपल्या वाचकांना १७८९ ची राज्यक्रांती आठवते आणि ते स्वाभाविकच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी त्या क्रांतीच्या राष्ट्रसभेशी आपल्या सभेची तुलना केली होती. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात, स्वातंत्र्य, समता व बंधुत्व ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीपासून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी स्पष्ट केले. परंतु फ्रान्सशी आपला आणखी एक संबंध आहे. तो क्रांतिकारकांचा नसून ग्रंथांत डोके घालून बसणाऱ्या विद्वानांचा असल्यामुळे फारसा बोलला जात नाही.

या परंपरेचा आरंभ सेनारच्या पुष्कळ आधीचा आहे. आंकतील द्यु पेराँ हा फ्रेंच प्रवासी १७६० साली कान्हेरीला येऊन गेला. तेथील लेख त्याने पाहिले. पण त्या काळी ती लिपी वाचू शकणारा मनुष्य जगात कोठेही नव्हता. ब्राह्मीचे कोडे जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये सोडविले. त्याच सुमारास नेपाळमधून हॉजसनने पाठविलेली संस्कृत बौद्ध हस्तलिखिते पॅरिसला पोचली आणि युजेन ब्युर्नूफ (१८०१-१८५२) या प्राध्यापकाच्या हाती पडली. त्यांच्या आधारे त्याने १८४४ मध्ये भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना म्हणून जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ‘दिव्यावदाना’तील पूर्णाच्या कथेचा अनुवाद आहे. पूर्ण हा शूर्पारकाच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, व्यापाऱ्याचा दासीपुत्र. दासीपुत्र म्हणून वारशातून डावललेला हा मनुष्य स्वकर्तृत्वाने सागरी व्यापारी झाला आणि पुढे तथागतांचा भिक्खू होऊन अपरान्तातील कठोर स्वभावाच्या लोकांत धम्म सांगण्यास गेला. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरून काढला. त्याआधी अडतीस वर्षे, आपल्या कोकणच्या या दासीपुत्राची कथा पॅरिसमध्ये छापून झाली होती!

सेनार याच विद्यापरंपरेतला. कच्चायनाच्या पाली व्याकरणाची आवृत्ती त्याने १८७१ मध्ये काढली. अशोकाच्या लेखांवरील दोन खंड १८८१ ते १८८६ या काळात आणि ‘महावस्तु’ या मोठ्या ग्रंथाची तीन खंडांतील आवृत्ती १८८२ ते १८९७ या काळात प्रसिद्ध केली. कार्ले व नाशिक येथील लेख त्याच्यापूर्वी भांडारकर, भगवानलाल, ब्यूलर, बर्जेस यांनी वाचले होते. सेनारने त्या सर्व वाचनांची कसून फेरतपासणी केली, अक्षर न् अक्षर ठशांशी ताडून पाहिले आणि ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात कार्ल्याचे व आठव्या खंडात नाशिकचे लेख अनुवादासह संपादित केले. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. ठसा घेण्याची रीत साधी आहे : ओला कागद पाषाणावर बसवायचा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत शिरवायचा आणि वरून शाई फिरवायची. कागदावर अक्षरे पांढरी उमटतात. पण तडा गेलेल्या दगडावरची रेघ मात्रा आहे की भेग, हे ठरविण्यास आयुष्यभराचा व्यासंग लागतो.

या लेखांतून कोणती माणसे बोलतात? कार्ल्याचे हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असे अभिमानाने सांगणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल येथे आहे. सिंहस्तंभ देणारा महारठी अग्निमित्रणक आहे. परंतु त्यांच्याच शेजारी धेनुकाकटचा सिंहदत्त नावाचा गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा विक्रेता, आहे; त्याच गावचा सामी नावाचा सुतार आहे; तेथलेच कित्येक यवन आहेत, ज्यांनी एकेक स्तंभ दिला. सोपाऱ्याचा सातिमित हा धम्मोत्तरीय संप्रदायाचा भाणक आहे, त्याने दिलेला स्तंभ शरीरधातूंसह आहे. नाशिकला आठव्या लेण्यात मुगुदास नावाचा दासक आपल्या परिवारासह दाता म्हणून उभा आहे, आणि ‘दासक’ म्हणजे मासेमार असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. ज्या लेण्यांना लोक आजही ‘पांडवलेणी’ म्हणतात, त्यांच्या भिंतीवर पांडवांचे नाव नाही, मासेमाराचे आहे.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर हिशेबाच्या वहीसारखा आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाला २४० कार्षापण होतात. वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा, म्हणजे बरोबर २४०. उरलेल्या एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण दराने वर्षाचे ९० येतात आणि ते इतर किरकोळ गरजांसाठी. भिक्खूसंघाचे वस्त्र विणकरांच्या पतीवर चालत होते! विहार चालविण्याची चिंता वाहणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा लेख एकदा तरी वाचावा.

मात्र लेण्यांत सर्वत्र समतेचाच उद्घोष आहे, असे मानणे सत्याला धरून होणार नाही. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती करताना त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, असे गौरवाने नमूद करते. लेणे भिक्खूसंघाला दिलेले आणि स्तुती वर्णव्यवस्थेच्या रक्षणाची! बौद्ध दानशीलता आणि वर्णाभिमान एकाच राजकुलात नांदत होते. हे वाचून अस्वस्थ व्हावे, परंतु ते झाकू नये.

सेनारचे वाचन विश्वसनीय. त्याचे सिद्धांत मात्र तितके नाहीत. १८७५ च्या ग्रंथात त्याने बुद्धचरित्राची मीमांसा सूर्यकथा म्हणून केली. गौतम नावाचा शास्ता होऊन गेला हे तो नाकारत नव्हता. पण जन्मापासून मारविजयापर्यंतच्या कथा या सूर्याच्या उदयास्ताच्या रूपककथा आहेत, असे त्याचे म्हणणे होते. ओल्डेनबर्गने १८८१ मध्ये पाली ग्रंथांच्या आधारे याचा प्रतिवाद केला आणि १८९६ मध्ये लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आल्यावर या तर्काला फारसा आधार उरला नाही. बाबासाहेबांनाही रूढ कथा जशीच्या तशी मान्य नव्हती. वृद्ध, रोगी व मृत मनुष्य एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राला प्रथमच दिसावेत, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात म्हटले. कथेवरचे पुराण दोघांनीही बाजूला सारले. सेनारला त्याखाली सूर्य दिसला; बाबासाहेबांना रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला कलह दिसला.

दोघांची खरी गाठ पडते ती जातीच्या प्रश्नावर. सेनारने १८९६ मध्ये भारतातील जातींवर ग्रंथ लिहिला. जात म्हणजे आनुवंशिक, बंदिस्त संघटना. तिला पंचायत असते, विवाह, अन्न व विटाळ यांचे नियम असतात आणि ते मोडणाऱ्यास बहिष्काराचे शासन असते, अशी त्याची व्याख्या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ही व्याख्या तपासायला घेतली, तेव्हा सेनार सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. विटाळ हे जातीचे मूळ लक्षण नव्हे, असे त्यांनी दाखविले. विटाळाची कल्पना पुरोहिती कर्मकांडातून येते आणि पुरोहित सर्वांत वरच्या स्थानी बसल्यामुळे ती जातीला चिकटली. जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. ते व्याख्यान ‘इंडियन अँटिक्वेरी’च्या मे १९१७ च्या अंकात छापले गेले. त्याच निबंधात, वरच्यांचे बंदिस्तपण खालच्यांत का पसरले याचे उत्तर देताना बाबासाहेबांनी अनुकरणाचे नियम वापरले आहेत. ते नियम मांडणारा गाब्रिएल तार्द हाही फ्रेंचच होता.